उलटा डोंगर

माझी मावशी भूशास्त्राची प्राध्यापक, मीही तिच्याच विभागात शिकवते. आमच्या डोंगराच्या जागी फार पूर्वी उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी लाव्हा फुटून उशांसारखे गोळे थिजले. मऊ गोळा खालच्या दोन गोळ्यांमधल्या फटीत लोंबतो, तिथे त्याला शेपटी येते. शेपटी नेहमी खाली. पायथ्याच्या खडकात मात्र मावशीला शेपट्या वर दिसल्या. म्हणजे अख्खा डोंगरच पालथा झालाय, असं तिने ठणकावून सांगितलं आणि सगळ्या विरोधकांना ती पुरून उरली. डोंगरावर तिचा माझ्यापेक्षा जास्त जीव.

काल रस्ता रुंद करताना जेसीबीने त्या खडकाचा तळ उकरला. मी सहज डोकावले आणि माझ्या पायाखालची वाळू सरकली. खाली चक्क माती होती, मातीत झाडाची मुळं. म्हणजे हा डोंगराचा भाग नव्हेच. वरून गडगडत येऊन पालथा पडलेला धोंडा! खडक जागचा आहे का ते आधी बघा, असं आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी बजावतो. मावशीने बघितलं नाही. तिने सांगितलं म्हणून मीही नाही.

रात्री घरी मी ताट तसंच सरकवलं. आज बाहेरचे अभ्यासक तोच खडक बघायला येणार होते.

"सारख्या येरझाऱ्या काय घालतेस गं? पोट बिघडलंय का?" मावशीने विचारलं.

"काही नाही," म्हणाले आणि पुन्हा खिडकीशी गेले.

आज सकाळी उठून जेसीबीवाल्याला गाठलं.

"दादा, हा धोंडा दरीत ढकला ना. मध्ये येतोय."

"कुठे येतोय, ताई? चांगला कडेला आहे की."

"ढकला हो तुम्ही!"

त्याने मशीन सुरू केलं आणि मागून मावशीचा आवाज आला, "थांबा!" पाहुण्यांच्या आधी पोहोचायची तिला कोण घाई! ती वाकली, काठीने माती उकरली, एक मूळ ओढून बघितलं. मग माझ्याकडे वळून बघितलं.

"मावशी, मी तुला सांगणारच होते."

"कधी? दरीत गेल्यावर?"

मला रडू फुटलं. "तुझं नाव जाऊ नये म्हणून गं..."

"मी चुकले. ते कोणीतरी उद्या दुरुस्त केलं असतं. धोंडाच नसता, तर कशावरून केलं असतं?"

वळणावर पाहुण्यांची गाडी दिसली.  मी मावशीचा हात धरला, तर तिने तो सोडवून घेतला आणि त्यांना सांगायला एकटीच पुढे गेली.