उष्टा आवाज

अभिरामने ‘फुकट’ हा शब्द उच्चारला की ऋजुताला नवऱ्याची किळस यायची. काटकसरीचं तिला वावडं नव्हतं. तिच्या माहेरी साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवून संपवायचे. पण तिथे गरज होती. इथे परदेशात, डेल्फ्टच्या कंपनीतला चांगला पगार, रायस्वाइकमध्ये स्वतःचं घर, आणि हा माणूस ‘फुकट’ म्हणताना ओठांवरून अशी जीभ फिरवायचा, जणू कुणाच्या तरी ताटातलं उचलून खाल्लंय.

सध्या त्याला फोनचं वेड लागलं होतं. नव्या बांधणीच्या त्या घरात मोबाइलची रेंज खिडकीला नाक लावून उभं राहिलं तरच मिळायची, म्हणून घरचा साधा फोन त्यांनी ठेवला होता. तर अभिरामने जुन्या वस्तूंच्या साइटवरून एक पेटी आणली आणि विजेच्या मीटरच्या कपाटात फोन आणि मोडेमच्या मध्ये बसवली. नंबर फिरवला की ती पेटी त्या घटकेला सगळ्यांत स्वस्त कंपनी कोण ते हुडकायची आणि कॉल तिच्या वाटेने सोडायची. कंपन्यांची नावं ऋजुताने कधी ऐकलेली नव्हती, आणि महिन्या-दोन महिन्यांत ती बदलायचीही.

पेटी पिवळी पडलेली होती. पूर्वीच्या मालकाच्या सिगारेटींचा चिकट थर तिच्यावर बसला होता. घरात लहान मूल म्हणून ऋजुताने ती तीनदा जंतुनाशकाने पुसली, तरी कपाट उघडलं की तो शिळा धुराचा वास नाकात शिरायचाच. आणि फोनवर बोलायला लागलं की आपलंच वाक्य थोड्या वेळाने आपल्याच कानात परत यायचं. कुठल्या कुठल्या तोंडांतून फिरून आल्यासारखं. उष्टं.

“एवढं काय गं?” अभिराम हसायचा. “आवाज पोचतोय ना? मग झालं तर.”

“पोचतोय. पण कुणाच्या नंबरवरून? तिकडे आपला नंबर दिसत नाही. तू अप्पांचा फोन तेवढा यातून वगळ.”

“वगळलाय बाई. किती वेळा सांगू?”

अप्पा म्हणजे तिचे वडील, गुरुनाथ. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन मिरजेत एकटे राहणारे. गेल्या वर्षी खोट्या पोलिसांनी व्हिडिओ कॉलवर त्यांना ‘डिजिटल अरेस्ट’ केलं होतं. दोन दिवस खुर्चीवरून हलू दिलं नव्हतं. पैसे गेले त्याचं त्यांनी फारसं मनाला लावून घेतलं नाही. पण जन्मभर ठेकेदारांना उन्हात उभं करून जाब विचारणाऱ्या माणसाने त्या भामट्यांना दोन दिवस ‘सर, सर’ म्हटलं, ते त्यांना आतून कुरतडत होतं. स्मार्टफोन त्यांनी देवघराच्या माळ्यावर टाकला आणि नंबर दिसणाऱ्या जुन्या लँडलाइनवर आले.

ऋजुता तर जात्याच घाबरट. असल्या बातम्या ती शोधशोधून वाचायची. तिनेच अप्पांना पढवलं होतं, “अप्पा, आता आवाजाचीही नक्कल करतात हं. माझा आवाज येवो, नातीचा, उत्तराचा येवो, रडताना येवो. आधी नंबर बघा. आमच्या घरचा नसेल तर उचलायचा नाही. चुकून उचललात तर माझं पाळण्यातलं नाव विचारा.” बारशाला कानात सांगितलेलं ते नाव घरच्या मोठ्यांपलीकडे कुणालाच ठाऊक नव्हतं. अप्पांनी रायस्वाइकचा नंबर खडूने भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला होता.

उत्तराच्या पाचव्या वाढदिवसाला अभिरामचा मित्र ऋषभ आला होता. तोही त्याच पंथाचा. ऋजुता वरच्या मजल्यावर केकच्या थाळ्यांसाठी कपाट उपसत होती आणि खालून दोघांचं चाललेलं ऐकू येत होतं.

“या आठवड्यात इंडिया पूर्ण झिरो. ट्रायल आहे. लँडलाइनलासुद्धा!” अभिराम सांगत होता.

“काय सांगतोस! लाव की मग.”

“उत्तरा, ये गं. आजोबांना बे चा पाढा म्हणून दाखव. स्पीकरवर लावतो.”

ऋजुताच्या हातातली थाळी तशीच राहिली. झिरो? म्हणजे अप्पांचा नंबर याने परत पेटीत घातला? ती जिन्याकडे धावली, पण तोवर घंटा वाजून थांबली होती. अप्पांनी उचलला होता. अनोळखी नंबर बघूनसुद्धा उचलला होता, कारण नातीचा वाढदिवस होता आणि सकाळपासून ते फोनपाशी बसून असणार.

“आजोबा! बे एके बे, बे दुणे चार...”

आवाज तुटत होता. उत्तराचं ‘बे’ परत तिच्याकडे येत होतं, तशी ती बावरून थांबत होती.

“कोण?” अप्पांचा आवाज. “कोण बोलतंय? तुझ्या आईचं पाळण्यातलं नाव सांग.”

उत्तराला काय कळणार? तिने वडिलांकडे पाहिलं. अभिरामने हाताने खूण केली, म्हण, म्हण. ती पुन्हा सुरू झाली, “बे त्रिक सहा...” आणि अर्धवट, यंत्रातून पिळून काढल्यासारखा तो आवाज मिरजेला पोचला असणार.

“हरामखोरा!” फोन फुटेल असं अप्पा ओरडले. “माझ्या नातीचा आवाज काढतोस? लेकराच्या आवाजात भीक मागतोस? किडे पडतील तुझ्या तोंडात! किडे!”

फोन आदळला. ऋजुता खाली पोचली तेव्हा उत्तरा मेजापाशी तशीच उभी होती, तोंड मिटून. ऋषभ म्हणाला, “बापरे, काकांचा आवाज खणखणीत आहे पण.” आणि अभिराम हसला. म्हणजे घाबरून हसला असेल, पण हसला.

ऋजुताने पेटीतून वायर ओढली, थेट मोडेममध्ये घातली आणि नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा एंगेज. अप्पांनी रिसीव्हर काढून ठेवला होता.

केक उत्तराने खाल्ला नाही. संध्याकाळी ऋजुता तिला शोधत बाथरूममध्ये गेली, तर पोरगी स्टुलावर चढून आरशासमोर आ वासून उभी. जीभ उचलून बघतेय, गाल बोटाने ओढून बघतेय.

“काय करतेस गं?”

“किडे बघते,” उत्तरा म्हणाली. “आजोबा बोस आहेत ना माझ्यावर?” बोस म्हणजे रागावलेले; रागावण्याचा तेवढा शब्द ती इथल्या शाळेतून आणायची.

जेवताना तिने वरणभाताकडे पाहिलं आणि ताट लांब सरकवलं. “हलतायत,” म्हणाली. ऋजुताने शितांकडे पाहिलं. आणि एकदा पाहिल्यावर तिलाही ती पांढरी, टोकदार शितं खाववेनात.

“अगं, मुलं विसरतात,” अभिराम म्हणाला. “आणि ऋषभ म्हणतो, आपलाच नंबर दिसेल असं सेटिंग असतं. थोडे जास्त पडतात, पण...”

“अभिराम.”

“काय?”

“तू मला वगळलाय म्हणून सांगितलं होतंस.”

“होता की वगळलेला! फक्त या आठवड्यापुरता... झिरो होतं गं. सतरा मिनिटं बोलली असती ती, तरी झिरो.”

त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात केकचं क्रीम वाळलं होतं. ऋजुताने मान फिरवली. रात्री तो शेजारी झोपला, तर त्याचा श्वास आपल्या मानेवर पडू नये म्हणून ती भिंतीला चिकटून राहिली. आणि मधूनमधून स्वतःचीही शिसारी येत होती तिला. पाळण्यातल्या नावाचं कुलूप तिनेच घातलं होतं. पोरीच्या हातात किल्ली द्यायची मात्र राहिली.

सकाळी उत्तराने दूधही घेतलं नाही. फोन मात्र लागला. पहिल्याच घंटेला.

“बोला.” अप्पांचा सावध आवाज.

“अप्पा, मी ऋजू.”

“नंबर दिसतोय तुमचा. तरीपण नाव सांग.”

“द्वारका.”

“हां!” अप्पा खळखळून हसले. किती महिन्यांनी! “अगं, काल काय झालं ऐक. आले होते भामटे. उत्तराच्या वाढदिवसाची तारीखसुद्धा काढली होती बघ मेल्यांनी. थेट तिचा आवाज! पण तू सांगितलं होतंस ना, लगेच नाव विचारलं. तत-पप व्हायला लागली. मग असा झापला एकेकाला! पुन्हा पाचसहा नंबरांवरून करतील म्हणून रात्रभर रिसीव्हर खाली ठेवला. या वेळेला नाही फसलो मी, ऋजू.”

लाइन स्वच्छ होती. त्यांच्या श्वासातला अभिमानसुद्धा ऐकू येत होता. गेलं वर्षभर खाली घातलेली मान या माणसाने काल वर काढली होती. ऋजुताच्या जिभेवर खरं आलं आणि ते तिने गिळलं.

“बरं केलंत, अप्पा,” ती म्हणाली. आणि हे बोलताना आपला आवाज परत आला नाही तरी तो उष्टाच आहे, असं तिला वाटलं.

“कुठाय वाढदिवसाची मुलगी? दे तिला.”

तिला नको म्हणता येईना. उत्तरा दारात उभीच होती. तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला, कानापासून चार बोटं लांब. ऋजुताने स्पीकर सुरू केला.

“उत्तराबाई! काल तुझ्या फोनची वाट बघून बघून...”

“आजोबा,” उत्तरा हळूच म्हणाली, “किडे किती दिवसांनी पडतात?”

प्रश्न तसाच्या तसा मिरजेला पोचला. पेटी काढून टाकलेली होती. वाट लांबची नव्हती, आवाज अडकायला मध्ये कुणी नव्हतं.

“ऋजू,” अप्पा म्हणाले. “काल ही होती?”

“हो.”

“आणि तू आत्ता मला बरं केलंत म्हणालीस.”

अप्पांनी नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग घसा खाकरून ते म्हणाले, “उत्तरा, तोंड उघड बघू. मोठ्ठा आ कर. फोनच्या अगदी जवळ धर.”

उत्तराने रिसीव्हरमध्ये आ केला. डोळे गच्च मिटून.

“थांब हं. चष्मा लावतो. हां. डावीकडे वळव जरा... आता जीभ वर... नाहीत गं. एकसुद्धा नाही. स्वच्छ आहे तोंड. आजोबा चुकला. आजोबाच्या तोंडात होते किडे, काल बाहेर पडले. आता दूध पी जा.”

उत्तराने तोंड मिटलं, आवंढा गिळला, क्षणभर अंदाज घेतला आणि स्वयंपाकघराकडे पळाली.

मीटरच्या कपाटापाशी अभिराम उभा होता. हातात ती पेटी, तिच्याभोवती वायर नीट गुंडाळत. पुन्हा कधी लागली तर, म्हणून. ऋजुताने रिसीव्हर त्याच्यापुढे धरला.

“घे. तूच सांग त्यांना.”

अभिरामने पेटी काखेत धरली आणि रिसीव्हर घेतला. “अप्पा, नमस्कार. त्याचं काय झालं माहितीये का, ते राउटिंग असतं ना, त्यात कॉलर आयडी पुढे पास होत नाही, म्हणजे टेक्निकली त्यात कुणाची...”

“अभिरामराव,” अप्पा शांतपणे म्हणाले, “हा फोन महाग पडत असेल तुम्हाला. ठेवा.”

अभिरामने खरंच ठेवला.

ऋजुताने त्याच्या काखेतली पेटी दोन बोटांनी ओढली, झुरळ उचलावं तशी, आणि बाहेरच्या कचऱ्यात टाकून आली. मग सिंकपाशी जाऊन बराच वेळ हात धूत राहिली. शेजारी स्टुलावर उत्तरा दूध पीत होती. घोटागणिक थांबून, पेल्यात वाकून बघत.