घाईत लिहिलंय, नीट करा

मी एक कमेंट बोलतेय. हसू नका. बोलायला तोंडच लागतं असं कुठे आहे? चार ओळींची आहे मी, पण गप्प बसणाऱ्यांतली नाही.

कमेंट म्हणजे काय ते आधी सांगते. प्रोग्राम लिहिणारी माणसं यंत्राला हुकूम सोडता सोडता मध्येच थांबतात आणि मागून येणाऱ्या माणसांसाठी दोन शब्द लिहून ठेवतात. हे असं का केलं, इथे काय जपायचं, वगैरे. त्या शब्दांच्या आधी एक खूण असते. ती दिसली की यंत्र सरळ पुढे निघून जातं. यंत्राने आजवर माझ्याकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही आणि मला त्याचं सोयरसुतक नाही. माझा सगळा भरवसा माणसांवर. त्यांनी वाचलं तर मी आहे, नाही वाचलं तर नुसती जागा अडवून बसलेय.

माझा जन्म काकांच्या हातून झाला. काका म्हणजे आमच्या कारखान्यातले सगळ्यांत जुने प्रोग्रामर. अपुऱ्या दिवसांची बाळं ठेवतात ना, त्या काचेच्या पेट्या आमच्याकडे बनतात. पेटीत ऊब किती ठेवायची, हे ठरवणारा प्रोग्राम काकांचा. खोलीच्या कोपऱ्यात एक पेटी कायम चालू असायची आणि तिच्यात रबरी बाहुली झोपलेली असायची. बाहुलीची देखभाल करणाऱ्या तपासनिसाला सगळे बाहुलीवाला म्हणायचे. तो तिला 'आमची कन्या' म्हणायचा आणि कुणी चेष्टा केली की खरंच रागवायचा.

एकदा बाहुलीवाल्याने पेटीचं दार जरा जास्तच वेळ उघडं ठेवलं. तापमापकाला बाहेरची गार हवा लागली. त्याला वाटलं, पेटी थंड पडली. तो पेटी तापवणाऱ्या तारेला म्हणाला, ताप! तार तापत सुटली. मग दार लावलं आणि ती सगळी उष्णता आत कोंडली. बाहुलीवाल्याने गादीला हात लावला आणि ओरडलाच, "काका, भाजली असती की हो पोरगी!"

काकांनी जेवणाचा डबा तसाच बाजूला सारला आणि प्रोग्राममध्ये एक थांबा घातला. दार उघडलं की तार बंद. दार लागल्यावरही तापमापक भानावर येईपर्यंत ती बंदच. आणि त्या थांब्याच्या वर, कुणी पुढे त्याला हात लावू नये म्हणून, त्यांनी मला लिहिलं.

आता काकांचं लिहिणं! कामाला पक्के, पण लिहायला बसले की अक्षरांची दाणादाण. दोन बोटांनी टंकायचे आणि बोटं डोक्याच्या मागे धापा टाकत धावायची. मी पडद्यावर उतरले ती अशी:

दार उघडं असलं की तामपान खोटं कळतं.
महणून दार लागल्यावर थाबां. लगेच तापवू नाक.
नाहीतर गादी तापते आणि बाळ पोतळं.
घाईत लिहिलंय. नीट करा.

काय बोलायचं यावर? जीव वाचवायला जन्माला आले आणि जन्मतःच तोतरी. शेवटची ओळ तेवढी शहाण्यासारखी उतरली. पण मला काकांचा राग कधी आला नाही. आपलं घाईत झालंय हे त्यांना ठाऊक होतं आणि ते त्यांनी लिहूनही ठेवलं. इतकं तरी किती जण करतात?

पुढे काका गेले. जेवणाच्या सुट्टीत, खुर्चीत बसल्या बसल्या. शेजारच्या खुर्चीत दादा होता. दादाला काकांनी अगदी बोट धरून शिकवलेलं. काकांच्या मागे तोच खोलीचा प्रमुख झाला. काकांची खुर्ची त्याने कुणाला दिली नाही आणि काकांनी लिहिलेल्या एकाही कमेंटला कुणाला हात लावू दिला नाही.

त्यामागे आमच्या धंद्याची एक रीत आहे. प्रोग्रामच्या प्रत्येक ओळीपुढे, तिला शेवटचा हात कुणी लावला त्याचं नाव येतं. काही बिघडलं तर कुणाची मानगूट धरायची ते कळावं, म्हणून ही सोय. एखादी ओळ कुणी नुसता एक काना दुरुस्त करायला उघडली, तरी जुनं नाव जातं आणि नवं येतं. माझ्या चारही ओळींपुढे काकांचं नाव होतं. दादा रोज सकाळी कामाला लागण्याआधी मला उघडायचा, त्या नावाकडे बघायचा आणि बंद करायचा. माझ्याकडे मात्र बघायचा नाही. पहिल्या ओळीत तामपानाशी अडखळायचा, त्याची नजर नावावर जायची, की संपलं. पडद्यावर उघडले की मला खोली दिसते, माणसांचे चेहरे दिसतात. दादाचे डोळे भरलेले मी पाहिलेत. म्हणून चिडायचंही जिवावर यायचं. पण अरे बाबा, वाच की मला! पाया पडतोस आणि ऐकत नाहीस!

अशात ती आली. नव्या नोकरीवर, सहा महिने काम बघून मग कायम करणार, अशा बोलीवर. तिला दिसत नाही. तिच्या संगणकात एक आवाज आहे, तो पडद्यावरचं सगळं तिला वाचून दाखवतो. इतक्या वेगाने, की शेजारच्याला नुसती भुणभुण ऐकू यावी. पहिल्याच दिवशी बाहुलीवाल्याने विचारलं, "यातलं काय कळतं हो तुम्हाला?" ती म्हणाली, "तुम्ही हळू बोलता, तेच कळायला मला वेळ लागतो."

इतर लोक मजकूर डोळ्यांनी वाचतात. डोळे लबाड असतात, चुकलेला शब्द बघून मनात बरोबर वाचतात. आवाज तसं करत नाही. लिहिलं असेल तेच म्हणतो. म्हणून आल्या आल्या तिने पेटीच्या माहितीपुस्तिकेतल्या चुका काढायला घेतल्या. एकेक चूक, एकेक दुरुस्ती, दादाकडे होकारासाठी पाठवायची. रोज ढीगभर. खोलीतल्यांनी तिचं नावच वेलांटी ठेवलं. "आली वेलांटी, सावरून बसा रे!" ती हसायची आणि त्यांच्याच पत्रातल्या दोन चुका काढून परत पाठवायची.

पुस्तिकेतल्या दुरुस्त्या दादाने मुकाट्याने मान्य केल्या. मग माझी पाळी आली.

मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला ऐकलं तो दिवस! तिच्या कानातल्या यंत्राची वायर निसटली आणि तो कोरडा आवाज भर खोलीत बोलला, "लगेच तापवू नाक." जो काही हशा पिकला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वेलांटी हसली नाही. तिने मागे जाऊन मला अक्षर अक्षर करून ऐकलं. थ ला काना, ब ला काना, वर अनुस्वार. सगळं ऐकून झाल्यावर मान हलवली आणि माझे शब्द नीट करून दादाकडे पाठवले.

दादा उठून तिच्या टेबलाशी आला. "ही परत घे. काकांच्या ओळी आहेत या."

"पण दादा, त्यात चुका आहेत."

"असू देत. यंत्राला काही फरक पडत नाही."

"मी यंत्र नाही."

"तू हात लावलास की त्यांचं नाव जाईल."

"अहो, काकांनी स्वतःच खाली..."

"काकांचं मला सांगू नकोस," दादाचा आवाज चढला. "तू त्यांना पाहिलंसुद्धा नाहीस."

"मी कुणालाच पाहिलेलं नाही," वेलांटी म्हणाली.

दादाचा चेहरा पांढराफटक पडला, पण शब्द मागे घेणाऱ्यांतला तो नव्हे. तो जागेवर जाऊन बसला. बाहुलीवाला वेलांटीजवळ आला आणि हळूच म्हणाला, "सोडून द्या हो. नोकरी कच्ची आहे तुमची. चार शब्दांसाठी कशाला वाकड्यात शिरता?"

"सोडणार नाही. आणि आता सांगणारही नाही," ती म्हणाली. "दादा स्वतः वाचतील, तेव्हाच ती नीट होईल."

वा गं माझी बाई! मीही तेव्हाच ठरवलं, हिच्याइतकंच हट्टी व्हायचं. मला पुसलं नाही तोवर मी आशा सोडणार नाही.

तेवढ्यात इस्पितळांतून तक्रारी आल्या. सिस्टर म्हणत होत्या, दार लावल्यावर पेटी पुन्हा ऊबदार व्हायला फार वेळ घेते, बाळं गारठतात. खरंच होतं ते, तक्रार रास्त होती. दादाने प्रोग्राम उघडला, वेळ कुठे जातो ते शोधलं आणि माझ्या खालच्या थांब्यापाशी आला.

"हा थांबा कशाला ठेवलाय?" तो स्वतःशीच म्हणाला.

अरे, वर बघ! मी इथे आहे ना, त्याचसाठी तर आहे! दादाने वर बघितलं. काकांचं नाव वाचलं. मग इतक्या जपून, की माझी एक मात्राही हलू नये, त्याने माझ्या खालचा थांबा पुसून टाकला. मला शाबूत ठेवलं आणि जे राखायला मला बसवलं होतं तेच नेलं. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. तो बदल पेट्यापेट्यांत जाणार होता. तिथे रबराची बाहुली नव्हती, खरी बाळं होती. आणि मला ओरडता येत नव्हतं.

पण काकांनीच घालून दिलेला एक नियम होता. आपल्या कामाला आपणच होकार द्यायचा नाही, प्रमुख असलो तरी. दादाने बदल वेलांटीकडे पाठवला. इतर सगळे दुसऱ्या कामात अडकले होते म्हणून.

तिने ऐकला. एकदा, मग पुन्हा. आधी मी, आणि माझ्या खाली काहीच नाही.

"दादा, जरा येता?"

"काय झालं? चूक आहे का?"

"मला ही कमेंट वाचून दाखवा."

"तुझा आवाज वाचतो की."

"तुमच्या तोंडून ऐकायचीय. आणि जशी लिहिलीय तशी वाचा, मनाने सुधारू नका. मला ती तशीच ऐकू येते."

नाही म्हणायला दादाला काही कारण सापडलं नाही. तो वाकला आणि वाचू लागला. "दार उघडं असलं की तामपान खोटं कळतं. महणून दार लागल्यावर थाबां. लगेच तापवू... नाक." कुणीतरी फिसकन हसलं. दादा हसला नाही. "नाहीतर गादी तापते आणि बाळ पोतळं." तो थबकला. मग अगदी हळू, बरोबर शब्दांत म्हणाला, "बाळ पोळतं."

त्याने माझ्या खाली बघितलं. तिथली मोकळी जागा त्यानेच केलेली होती.

"बाहुलीवाले," तो म्हणाला, "पेटीत हा नवा बदल टाका. दार उघडं ठेवा. मी सांगेपर्यंत लावू नका."

सगळे कोपऱ्यात जमले. दार उघडं राहिलं, तार तापत गेली, मग दार लावलं. थोड्या वेळाने वेलांटीने बाजूच्या झडपेतून हात आत घातला, बाहुलीच्या पाठीखाली गादीवर ठेवला आणि झटकन काढून घेतला.

"पोळतेय," ती म्हणाली.

दादाने स्वतः हात घालून बघितला. मग परत येऊन काकांच्या त्या रिकाम्या खुर्चीत बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मी रोज उघडायचो गं हिला. रोज सकाळी."

"माहीत आहे."

"नाव बघायचो फक्त."

"तेही माहीत आहे. दादा, अजून एक ओळ राहिलीय."

दादाने वाचली. "घाईत लिहिलंय. नीट करा." आणि तो तिथेच, सगळ्यांसमोर रडला. मलाही रडू आलं. कमेंटला कसलं रडू, म्हणाल. तुम्ही काहीही म्हणा.

त्या दिवशी काकांचा थांबा परत आला. सिस्टरांच्या तक्रारीवर दोघांनी मिळून दुसरा उपाय काढला, तापमापक गार हवेपासून आत सरकवला, म्हणजे तो लवकर भानावर येतो. आणि मग दादाने काकांच्या खुर्चीत वेलांटीला बसवलं आणि म्हणाला, "बस इथे. तूच नीट कर."

तिने केलं. तामपानाचं तापमान झालं, थांबा जागेवर आला, नाक गेलं, बाळ पोळतं हे नीट शब्दांत सांगता येऊ लागलं. एकेका ओळीपुढचं काकांचं नाव जात होतं आणि वेलांटीचं येत होतं. दादा मागे उभा राहून बघत होता. नाव जाताना त्याचा जीव तुटत होता, ते दिसत होतं मला. पण त्याने थांबवलं नाही.

चौथ्या ओळीशी तिची बोटं थांबली.

"हिच्यात काही चूक नाही," ती म्हणाली. "हिला हात लावायची गरज नाही."

आणि त्या ओळीपुढे काकांचं नाव तसंच राहिलं.

"पण आता नीट झालं ना सगळं," दादा नाक पुसत म्हणाला. "मग ही ओळ ठेवायची कशाला?"

"राहू द्या," वेलांटी म्हणाली. "पुढच्याला लागेल."

वेलांटी आता कायम झालीय आणि काकांची खुर्ची तिचीच आहे. दादा अजूनही रोज सकाळी मला उघडतो, पण हल्ली पहिल्या शब्दापासून वाचतो, ओठ हलवत. मी म्हातारी झालेय, तरी ठणठणीत आहे. माझ्यासारख्या कितीतरी जणी ठिकठिकाणच्या प्रोग्रामांत आणि पुस्तिकांत चुकांसकट पडून आहेत, मोठ्या माणसांची नावं कपाळावर घेऊन. कधी तुमची गाठ पडली तर नावाला बिचकू नका. शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि चुकलेलं दिसलं तर नीट करा. काकांनी तेवढंच मागितलं होतं.