अप्पांची फायनल आणि ऑफिसची वायर

तीन वाजता अप्पांची फायनल होती आणि अडीचला संयोजकांचा निरोप आला. अप्पांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला आणि टॅबलेट घेऊन तडक लेकीच्या खोलीत शिरले. कामाच्या वेळेत तिच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, हा नियम खरं तर त्यांनीच केलेला.

"बघ गं, मला लबाड ठरवतायत," ते म्हणाले.

निरोप रोखठोक होता. 'कात्री' आणि 'शांतोबा' हे दोन्ही खेळाडू महिनाभर एकाच इंटरनेट पत्त्यावरून बुद्धिबळ खेळत आहेत. एकच माणूस दोन्हीकडून खेळत असावा असा संशय आहे. तीनपर्यंत पत्ते वेगळे दिसले नाहीत तर दोघेही बाद.

'कात्री' म्हणजे अप्पा. चाळीस वर्षं त्यांनी शिंपीकाम केलं. दोन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागला, तशी गिऱ्हाइकं एकेक करून गळाली. तोंडावर कुणी काही बोललं नाही, तेच त्यांना जास्त लागलं. मग त्यांनी बुद्धिबळ असं मनावर घेतलं की जेवणाची शुद्ध राहिना. एकशे अठ्ठावीस जणांतून एकेकाला लोळवत ते इथवर आले होते. हरले असते तर दोन दिवस गप्प बसले असते, एवढंच. पण लबाड म्हणून हाकललं तर हा माणूस पुन्हा पटाला हात लावणार नाही, हे लेकीला पक्कं ठाऊक होतं.

"पण अप्पा, एकच पत्ता कसा असेल?" असं म्हणता म्हणता तिची नजर टेबलावरच्या डब्याकडे गेली.

ती घरून काम करायची. हॉस्पिटलांच्या औषधांच्या ऑर्डरी तपासून पुढे पाठवायची. त्यासाठी ऑफिसने हा व्हीपीएनचा डबा दिला होता. त्यात जे शिरेल ते बंद बोगद्यातून आधी ऑफिसात जाणार आणि ऑफिसच्याच पत्त्यावरून जगात बाहेर पडणार. त्यात शिरायला हवा होता फक्त तिचा लॅपटॉप. पण डब्याची वायर झाकत भिंतीकडे जाणारी काळी कापडी पट्टी तिला आज जरा जाडच वाटली.

"हिच्यात दुसरी वायर कसली?"

"घरच्या वायफायची," अप्पा म्हणाले. "मागच्या महिन्यात मी आवरलं नाही का? बाहेरच्या खोलीत तिचं भेंडोळं लोंबत होतं. तुझ्या डब्याला एक भोक रिकामं दिसलं, मोडेममधून काढून तिथे खोचली आणि दोन्ही वायरी एका पट्टीत शिवून टाकल्या. किती सुबक दिसतंय."

म्हणजे महिनाभर अख्खं घर, आईच्या विणकामाच्या व्हिडिओंसकट, ऑफिसातून ये-जा करत होतं. आणि शांतोबा जो कोणी होता, तो ऑफिसातच बसला होता.

डबा बंद करावा तर पाचपर्यंत ऑर्डरी चालू. मोबाइलवर खेळावं तर या घरात रेंज मिळायची ती खिडकीबाहेर हात काढल्यावर. नोकरीवर गदा आली तर आली, असं ठरवून तिने लॅपटॉपवरूनच नेटवर्क विभागाच्या साहेबांना कॉल लावला. त्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण त्यांच्यासमोर चांगल्या जाणत्या माणसालाही गृहपाठ विसरल्यासारखं वाटायचं.

"अख्खं घर?" मास्तरांचा आवाज चढला. "महिनाभर? घरचं घरी आणि ऑफिसचं ऑफिसात, एवढी साधी गोष्ट—"

"चुकलंच सर. पण आधी वेगळं कसं करू ते सांगा. तीनला वडिलांची बुद्धिबळाची फायनल आहे, आणि आपल्याकडचा कुणी शांतोबा म्हणून—"

पलीकडे खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

"कात्री तुमचे वडील?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"सर, तुम्ही शांतोबा?"

"तीनला माझी जेवणाची सुट्टी असते," मास्तर घाईघाईने म्हणाले. "मला ऑफिसचं हे तळघर सोडता येत नाही आणि इथे मोबाइल चालत नाही. म्हणजे सगळं तुमच्या हातात आहे. घरची वायर डब्यातून काढा आणि मोडेमला लावा. ऑफिसच्या वायरीला धक्का लावू नका, मोठी ऑर्डर चालू आहे. आणि लवकर करा हो."

हा 'हो' तिने चार वर्षांत पहिल्यांदा ऐकला.

घरची वायर मोडेमपर्यंत न्यायची तर पट्टीतून सोडवायला हवी होती आणि पट्टी चांगली दहा हात लांब. पावणेतीन वाजले होते. तिने टेबलावरची कात्री उचलली तशी अप्पांनी तिचं मनगट धरलं.

"कापू नकोस, वायर तुटेल. जुन्या मशीनवरची साखळी टीप आहे ती. टोक सापडलं की सबंध सुटते."

ते गुडघ्यांवर बसले. थरथरतं बोट शिवणीवरून सरकत गेलं आणि भिंतीपाशी थांबलं. "हे बघ, इथे गाठ आहे. तेवढी उसव आणि ओढ."

तिने गाठ उसवली, दोरा धरला आणि ओढला. टरटर करत टीप सुटत गेली, पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी पडली आणि तिला चक्क हसू फुटलं. आत दोन काळ्या वायरी, जुळ्या बहिणींसारख्या.

"कुठली आपली?"

"निळा दोरा गुंडाळलेली. मी काय खुणा केल्याशिवाय शिवतो?"

तिने श्वास रोखून निळ्या दोऱ्याची वायर डब्यातून उपसली. ऑफिसचा हिरवा दिवा जागचा हलला नाही. वायर गोळा करत ती बाहेरच्या खोलीत धावली, मागून अप्पा. वायर मोडेममध्ये खटकन बसली. वायफायचा दिवा लाल झाला, पिवळा झाला, पुष्कळ वेळ पिवळाच राहिला. तीनला दोन मिनिटं असताना हिरवा झाला आणि टॅबलेटवर ओळ उमटली, पत्ते वेगळे आहेत, खेळाडूंनी पटावर यावे.

अप्पा बसले. ती कामाला परतली, पण तिचा एक कान भिंतीपलीकडेच होता. ऑर्डरी एका वायरीने जात होत्या आणि अप्पांच्या चाली दुसरीने. तिला इतका आनंद झाला होता की एकच आकडा तिने तीनदा तपासला.

पावणेचारला मास्तरांचा कॉल आला. "वडिलांना द्या जरा."

अप्पा खोलीत येऊन लॅपटॉपसमोर ताठ उभे राहिले.

"अभिनंदन अप्पा," मास्तर म्हणाले. "तुम्ही वजीर माझ्या घोड्याच्या माऱ्यात आणलात, तेव्हा मला वाटलं बोट सरकलं असेल. म्हणून मी मारला."

"बोट सरकतंच हो माझं," अप्पा म्हणाले. "तो वजीर मात्र मी ठेवला होता."