सगळ्यात वरचा दगड

नागप्पांनी तांब्या तिरका केला आणि रसरसून तापलेल्या दगडावर पाण्याची धार सोडली. फस्सकन वाफ उठली, पाठोपाठ तडाड आवाज झाला आणि दगडाची सरळ तीन भकलं झाली.

"ह्याला म्हणायचं हिकमत!" ते मोठ्यानं म्हणाले. बायको नीलम्मा परगावी गेल्या होत्या, ऐकायला अंगणात म्हैस तेवढी होती.

देगलूरच्या अलीकडं त्यांच्या गावाशी काळं रान सरतं आणि गुलाबी-करड्या धोंड्यांचा माळ लागतो. नागप्पांच्या आज्जानं विहीर खोदली, तेव्हा घणाला दाद न देणाऱ्या धोंड्यांवर असाच गोवऱ्या रचून जाळ केला होता आणि वरून पाणी ओतलं होतं. ती विहीर अजून आटलेली नाही, हे नागप्पा येईल त्याला ऐकवत. आज तीच हिकमत त्यांनी सुनेच्या दगडावर चालवली होती.

सून म्हणजे शिवानी. मुलगा मल्लेश लातूरला नोकरीला, शनिवारी घरी येणारा. आणि ही नांदेडला विद्यापीठात डोंगर कधी वर आले याचा अभ्यास करणारी. डोंगर वर येतो म्हणे! लग्न ठरलं तेव्हा नागप्पा चारचौघांत बोलून बसले होते, "सून काय खडी फोडायला आणायची का?" ते तिच्या कानावर गेलं होतं. तिनं कधी चकार शब्द काढला नाही, आणि नागप्पांना तेच जास्त लागत होतं.

गेल्या उन्हाळ्यात ती हिमालयातल्या एका डोंगरावर जाऊन आली. पायथ्यापासून माथ्यापर्यंत टप्प्याटप्प्यानं एकेक करत आठ दगड आणले. नेमकं तेव्हाच विद्यापीठातलं दगड भरडायचं यंत्र बिघडलं. मग बाईसाहेब घरच्या अंगणात लोखंडी खल घेऊन बसल्या. तळहाताला फोड आले, फोडावर चिंधी बांधून पुन्हा घाव चालू. खालचे सात दगड झाले. माथ्यावरचा, सगळ्यात चिवट, तेवढा पिशवीत राहिला, आणि ती सणाला माहेरी उदगीरला गेली.

आपलं तेव्हा चुकलं, हे नागप्पांना तोंडानं म्हणायला जमत नव्हतं. पुरुषमाणूस, त्यात सासरा. म्हणून त्यांनी जाळ पेटवला होता.

शिवानी सांजच्या गाडीनं आली, तेव्हा त्यांनी भकलं आणखी फोडून सगळी खडी सुपात नीट मांडून ठेवली होती.

"मामा, हे काय?"

"तुझा आठ नंबरचा! जाळावर धरला, बिस्किटावानी फुटला बघ. तुला हात लावायचं कामच न्हाई ठिवलं."

ती सुपाकडं बघत राहिली. मग पिशवी तिथंच ठेवून नळावर गेली आणि बराच वेळ तोंड धूत बसली. नागप्पांना वाटलं, प्रवासाची धूळ. परत आली तेव्हा डोळे लाल होते, पण हसत होती.

"लई बारीक झालाय की, मामा. माझा केवढा तरी वेळ वाचला."

त्या दिवशी नागप्पा एक भाकर जास्त जेवले.

दगडांच्या पुड्या नांदेडला पोचवायच्या होत्या. वजन कोण उचलणार म्हणून नागप्पा हट्टानं सोबत निघाले. कपाळाला विभूती लावली, इस्त्रीचं धोतर नेसले आणि एसटीत शेजारच्या माणसाला धोंडा कसा फोडावा ते वाटेतल्या नरसीपर्यंत समजावत राहिले. शिवानी खिडकीबाहेर बघत होती.

विद्यापीठात तिच्या मार्गदर्शक पुनममॅडमनी नागप्पांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पुड्या एकेक करून बघायला घेतल्या.

"आणि आठवा?"

"तो गेला, मॅडम." शिवानीनं मान खाली घातली. "तापला. मी चुलीजवळ ठेवून माहेरी गेले होते. माझंच चुकलं."

"चुलीजवळ? तू?" मॅडमनी चष्मा काढला. "दुसरं कुणी असतं तर समजू शकले असते. तुला काय बोलू मी?"

 शिवानी पुड्या उचलून वरच्या मजल्यावर ठेवायला निघून गेली. नागप्पांचा पाण्याचा पेला हातातच राहिला. चुलीजवळ कुणी ठेवला? आणि तापला तर गेला कसा?

"मॅडम, मी अडाणी माणूस. तापल्यानं दगडाचं काय बिघडतं हो?"

बाई रागात होत्या, पण मुळात मास्तरीण. त्यांनी नागप्पांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं आणि काचेखाली एका दगडातला बारीक कण ठेवला.

"रेघा दिसतात का?"

"दिसून राहिल्या. नखानं ओरबाडल्यावानी."

"दगड जमिनीच्या पोटात खोल असतो, तेव्हा तापलेला असतो. अशी रेघ उमटली तरी पुसून जाते. मग डोंगर वर सरकतो, वरचा खडक झिजून वाहून जातो आणि खालचा दगड हळूहळू वर येत निवतो. एकदा निवला की रेघा टिकतात आणि वर्षागणिक वाढत जातात. त्या मोजल्या की तो कधी निवला ते कळतं. माथ्याचा दगड सगळ्यांच्या आधी निवलेला. डोंगराची सुरुवातीची हकीकत त्याच्याजवळ असते."

"आन् पुन्हा तापला तर?"

"सगळं पुसलं गेलं. लाखो वर्षांचं. आता विचारलं तर तो म्हणेल, मी परवाच जन्मलो."

नागप्पांनी डोळा काचेवरून काढला नाही. कोणत्या तोंडानं काढणार?

"मंग आता?" त्यांनी तसंच विचारलं.

"आता बर्फ वितळल्यावर पुन्हा जायचं. नाहीतर बिनमाथ्याचा डोंगर लिहायचा. जीव ओतून काम केलंय हो तिनं, म्हणून राग येतो."

परतीच्या एसटीत ते शेजारच्या माणसाकडं पाठ करून बसले. नरसीला शिवानीनं पेरू घेतले आणि चिरून, मीठ लावून एक त्यांच्या हातात दिला.

"शिवानी..."

"गोड हाय का, मामा?"

"हाव," ते म्हणाले. चारचौघांत वाट्टेल ते बोलणारा माणूस, पण दोन शब्दांसाठी जीभ उचलेना.  ह्या पोरीनं आपल्यापायी एवढं ऐकून घेतलं, आणि वर आपल्यालाच पेरू चारून राहिली! नागप्पांना भडभडून आलं. त्यांनी उपरणं तोंडावर ओढून झोपेचं सोंग घेतलं.

घरी नीलम्मा चुलीपुढं भाकरी थापत होत्या. शिवानी त्यांच्याजवळ बसली. चाचरत म्हणाली, "आत्या, उन्हाळ्यात मला पुन्हा डोंगरावर जावं लागंल. एक दगड वाया गेला."

नीलम्मांचा हात थांबला.

"पुन्हा? अगं, लोकं विचारून विचारून बेजार करतेत, सून घरात कधी दिसणार म्हून. मी काय सांगू? आन् एवढ्या लांबून आणलेला एक दगड तुला सांभाळता येईना? ते काही न्हाई. एकटीनं हिंडणं बंद आता. मल्लेशला मीच सांगते."

"माझीच चूक झाली, आत्या."

"तिची न्हाई," दारातून नागप्पा म्हणाले.

दोघींनी वळून बघितलं. ते चप्पल न काढता उंबऱ्यातच उभे होते.

"दगड मी जाळला."

"तुम्ही? कामून?"

"फुटावा म्हून. हिचे हात बघवत नव्हते मला." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "खडी फोडायला सून आणायची का म्हणलो होतो ना मी? ते मागं घ्यायचं होतं. सरळ बोललो असतो तर दगड तरी वाचला असता."

"मामा, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मॅडमनी. तू मुकाट ऐकून घेत होतीस, ते बी बघितलं मी."

मॅडमपुढं खाली मान घालून कोरडी उभी राहिलेली शिवानी आता पदरात तोंड खुपसून हमसाहमशी रडायला लागली. नागप्पा पुरते भांबावले. सुनेला कसं समजवायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"रडू नको, पोरी. मी येतो संग. वझं मी उचलतो. आन् ह्यावेळी जाळाच्या आसपास जाणार न्हाई, शपथ!"

रडता रडता शिवानीला हसू फुटलं. नीलम्मांनी आधी नवऱ्याकडं बघितलं, मग सुनेकडं. तव्यावरची भाकर करपली होती. ती त्यांनी बाजूला काढली, दुसरा गोळा हातात घेतला आणि थापता थापता, वर न बघता सुनेला म्हणाल्या,

"चढताना पुढं पळत सुटू नको. गुडघे दुखत्यात ह्यांचे."