आण्णांची बत्तीस पत्रं

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या फाउंड्रीत वॉचमनपासून मालकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तोच राग मी सात महिने एका बहिऱ्या म्हाताऱ्यावर धरून बसले होते.

आण्णा आमच्या पॅटर्न शॉपचे मिस्त्री. लोखंड ओतायच्या आधी लाकडाचा नमुना करावा लागतो, तो त्यांच्या हातचा. अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी ते अख्खा नमुना मोडून परत करायला घ्यायचे. करवतीच्या आवाजात चाळीस वर्षं काढून कान मात्र पार गेले होते. मी इथं कॉम्प्युटर आणि मेलचा सर्व्हर बघायला लागले, तेव्हा जेवायच्या सुट्टीत मला कुणी विचारायचं नाही. आण्णांनी एक दिवस समोर बसून डबा उघडला आणि मिरचीचा खर्डा माझ्याकडं सरकवला. त्यानंतर नऊ वर्षं आम्ही एकत्र जेवलो. ते बोलायचे, मी कागदावर लिहून उत्तर द्यायचे.

निवृत्त होऊन ते गडहिंग्लजजवळच्या आपल्या गावी निघाले. फोनवर त्यांना ऐकू येणार नव्हतं, आणि व्हॉट्सॲपवर नुसती गुलाबाची फुलं येतात म्हणून ते त्यांना नको होतं. मग मी त्यांना टॅबलेटवर मराठीत मेल लिहायला शिकवलं. पायऱ्या वहीच्या पानावर लिहून दिल्या. तुमचं पत्र आलं की त्याच दिवशी माझं उत्तर येणार, असा शब्दही दिला.

पत्र आलं नाही. आठवडा गेला, महिना गेला. गावात गेल्यावर आम्ही कोण, असं म्हणून मी फुगून बसले. एकदा दोन ओळी लिहिल्या आणि पुसून टाकल्या. ठरलं होतं त्यांनी लिहायचं, मग मी का आधी लिहू? इतकी मी शहाणी.

गेल्या मंगळवारी त्यांची लेक क्रांती गेटवर आली. आण्णांना जाऊन पंधरा दिवस झाले, हे तिनं मला उभ्याउभ्याच सांगितलं. फुफ्फुसं खराब झाली होती. मी तिला आत नेऊन खुर्ची दिली, तर तिनं पिशवीतून आण्णांचा टॅबलेट काढून माझ्यासमोर ठेवला.

पाठवलेली बत्तीस पत्रं होती. सगळी मलाच.

पहिल्यात गावाकडची हकिकत होती, नवी म्हैस, आंब्याचा मोहोर. तिसऱ्यात विचारलं होतं, बाळ, पत्र मिळतंय न्हवं? पुढं पुढं ती लहान होत गेली. ‘पोचलं का?’ एवढंच. सव्विसाव्यात, ‘दम लागतोय. जमलं तर एकदा येऊन जा.’ गडहिंग्लजला एसटीनं दोन-अडीच तास लागतात. मी त्याच दिवशी निघाले असते.

मी सर्व्हर उघडला. अडवलेल्या मेलची एक पेटी असते, तिच्यात महिन्याभराचंच राहतं. शेवटची चार पत्रं तिथं पडली होती, ‘स्पॅम’ असा शिक्का मारून.

हे कसं झालं ते समजायला मला मिनिटही लागलं नाही, कारण ते मीच केलं होतं. आण्णा गावी गेले त्याच आठवड्यात मी फिल्टरला नव्यानं शिकवलं होतं. त्याला दोन ढीग दाखवायचे असतात, चांगल्या मेलचा आणि वाईट मेलचा. वाईट ढिगात मराठीतल्या भामट्यांच्या चारशे मेल घातल्या, आज वीज तोडणार, घरबसल्या नोकरी, लॉटरी लागली. चांगल्या ढिगात ऑफिसचा पत्रव्यवहार घातला, आणि तो सगळा इंग्रजीत. आमच्याकडं शेजारच्या टेबलावरचा माणूससुद्धा रजा इंग्रजीत मागतो. मशीननं सरळ अर्थ काढला, मराठी दिसली की वाईट. अडवलेली मेल ते आपणहून वाईट ढिगात टाकतं, त्यामुळं आण्णा जितकं लिहीत गेले, तितकी त्याची खात्री वाढत गेली. फसव्या मेल बंद झाल्या म्हणून मालकांनी माझी पाठ थोपटली होती. तक्रार कुणाचीच आली नाही, कारण आम्हाला मराठीत मेल करणारा माणूसच एक होता.

क्रांती माझ्याकडं बघत होती. “ताई, एवढंच सांगा. पोचत हुती का न्हाय?”

सर्व्हर बिघडला होता म्हणाले असते तर तिला पटलं असतं. जीभ तिकडं वळलीही होती. पण आण्णांच्या लेकीशी खोटं बोलवेना.

“पोचत होती. सगळी. मराठी आत घ्यायची नाही, असं मीच मशीनला शिकवून ठेवलं होतं. नकळत, पण मीच.”

ती रागावेल असं वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं पिशवीतून एक चारदा घडी घातलेलं वहीचं पान काढलं. माझंच अक्षर. प्रत्येक पायरीसमोर सुताराच्या जाड पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या, ओळीनं, बत्तीस.

“दर बारीला आण्णा ह्यो कागद फुडं घिऊन बसायचं,” ती म्हणाली. “माझंच कायतरी चुकतंय, असंच म्हणत गेलं. कुठं चुकत हुतं त्यांचं, तेवढं दावा.”

मी पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत बोट फिरवलं. मग डोळे पुसून परत एकदा फिरवलं, कारण तिला काय सांगायचं ते मला माहीत होतं आणि ते सांगवत नव्हतं.

“कुठंच नाही,” मी म्हणाले.