दार कुठल्या महिन्यात अडकतं

बाबांच्या मातीच्या बरण्या टाकून द्यायच्या, असं आईने ठरवलं होतं. शारजातला अल नहदाचा फ्लॅट महिनाअखेर सोडायचा होता आणि ती माझ्याकडे अबू धाबीला, खलिफा सिटीत राहायला येणार होती.

"एकोणीस बरण्या माती घेऊन जावयाच्या दारात उभी राहू का मी?" ती म्हणाली. बाबा गेल्यापासून दोन महिन्यांत तिने केलेला हा पहिला विनोद. ती स्वतः हसली नाही, म्हणून मीही हसले नाही.

बाबा सिव्हिल इंजिनिअर होते. दुबईतल्या एका कंत्राटदार कंपनीसाठी बावीस वर्षं त्यांनी आफ्रिकेत खाणींची कामं केली. बोट्स्वाना, नामिबिया, शेवटी झांबिया. खाण खणणारे नंतर येतात. त्यांच्याआधी कुणालातरी रस्ते करावे लागतात, पाये भरावे लागतात, खनिज वाहून नेणाऱ्या पट्ट्याचे मनोरे उभे करावे लागतात. प्रत्येक साइटवरून ते ओंजळभर माती आणत आणि चिवड्याच्या रिकाम्या बरणीत भरून बाल्कनीतल्या फळीवर ठेवत. लेबलवर जागा, खोली, तारीख आणि शेवटी एका शब्दात मातीचा स्वभाव. 'शहाणी.' 'हट्टी.' 'भुसभुशीत.' पाणी पिऊन फुगणाऱ्या आणि उन्हात आकसणाऱ्या काळ्या मातीला ते 'लबाड' म्हणत. परभणीकडचा माणूस. ती माती त्यांच्या लहानपणी नखांतच असायची.

नव्या साइटवर गेले की ते आधी जवळच्या वस्तीत जात आणि लोकांना विचारत, "तुमच्या घराचं दार कुठल्या महिन्यात अडकतं?" पावसाळ्यात अडकलं तर खालची जमीन फुगते. प्रयोगशाळेचा रिपोर्ट यायला तीन आठवडे लागतात, दार लगेच सांगतं, असं त्यांचं म्हणणं.

राजनकाका आले ते शनिवारी दुपारी. बाबांचे प्रोजेक्ट मॅनेजर आणि तीस वर्षांपासूनचे मित्र. त्यांनी फाइलमधून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

"सिम्पल फॉर्मॅलिटी आहे, मुग्धा. झांबियाच्या माइन इन्स्पेक्टरला फॅमिलीचं स्टेटमेंट पाहिजे. घरी साइटचं काही रेकॉर्ड नाही, जमिनीबद्दल डाउट आहे असं कधी बोलले नव्हते. बस. साइन कर, खलास."

"आणि कंपनीच्या रिपोर्टमध्ये काय आहे?"

"ऑनेस्ट एरर. साइट इंजिनिअरला माती ओळखता आली नाही. एकदम सॉफ्ट वर्डिंग करून घेतलंय मी. भांडून."

स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. "माती ओळखता आली नाही? ह्यांना?"

"वहिनी, माणूस आहे. चुकतो."

जानेवारीत तिकडे पाऊस ऐन भरात असताना पट्ट्याचा चौथा मनोरा कलला होता. वर बोल्ट आवळत असलेला रामेश्वर खाली कोसळला आणि गेला. लांज्याचा, एकोणतीस वर्षांचा. बाबा त्याची शवपेटी घेऊन मुंबईपर्यंत गेले, तिथून शारजाला परतले आणि नंतर फारसे बोललेच नाहीत. एप्रिलमध्ये, सोफ्यावर पेपर वाचता वाचता, त्यांचं हृदय बंद पडलं.

"उद्या देते," मी म्हटलं.

"टेक युअर टाइम. फक्त उद्या नक्की." चहा संपवून ते गेले.

मला एक फोन आठवत होता. सप्टेंबरातला. बाबा सांगत होते की मनोऱ्यांची रांग एका सखल, गवताळ भागातून जाते. तिकडचे लोक त्याला डांबो म्हणतात. उन्हाळ्यात दगडासारखा टणक, पावसात दलदल. "दाराचं विचारलंत का?" मी चेष्टेने म्हटलं होतं. ते म्हणाले, "विचारणार कुणाला? तिथे कुणी घरच बांधत नाही गं." मी हसले होते. मग ते काहीतरी सांगायला लागले आणि मी म्हटलं, बाबा, मला मीटिंग आहे.

मी बाल्कनीत गेले. शेवटची बरणी त्याच साइटची होती. जागा होती, 'चौथा मनोरा'. खोली दीड मीटर. तारीख अकरा सप्टेंबर. त्यापुढे स्वभावाची जागा कोरी. बाकीच्या अठराही बरण्या मी उतरवून पाहिल्या. कोरी ही एकच.

मी सातवीत असताना शाळेच्या प्रदर्शनासाठी बाबांनी मला एक चाचणी शिकवली होती. वाळवलेली, चाळलेली माती दोन काचेच्या मोजनळ्यांत घालायची, दोन्हीत दहा दहा ग्रॅम. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. ढवळायचं आणि एक दिवस थांबायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली किती वर चढली ते बघायचं. मोजनळ्या त्यांच्या कपाटातच होत्या.

मागच्या गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात हमदुल्लाने बाटली पुढे केली. "रॉकेल का क्या करेगा, बाजी? शारजा का बिजली गया क्या?"

"मिट्टी का टेस्ट है."

"मिट्टी का भी टेस्ट लेता है अब लोग?" त्याने मान हलवली. "यल्ला, पास हो जाए."

माती मी ओव्हनमध्ये वाळवली, खलबत्त्यात कुटली आणि आईच्या मैद्याच्या चाळणीने चाळली.  आईने चाळणी परत मागितली नाही.

रविवारी संध्याकाळी राजनकाका आले तेव्हा दोन्ही मोजनळ्या जेवणाच्या टेबलावर होत्या. ते खुर्ची ओढता ओढता थांबले. त्यांना काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"किती?" त्यांनी विचारलं.

"रॉकेलमध्ये दहा. पाण्यात तेवीस."

"एकशे तीस टक्के फुगते," ते पुटपुटले आणि बसले. आईने चहा ठेवला. कपाकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"सांगितलं होतं त्याने मला," ते म्हणाले. "सप्टेंबरात, फोनवर. दोन मीटर खणून माती काढू, बाहेरून मुरूम आणून भरू, म्हणाला. सहा आठवडे. नोव्हेंबरात तिकडे पाऊस सुरू होतो, मग एप्रिलपर्यंत खोदकाम बंद. क्लायंटला काय सांगणार होतो मी? मी म्हटलं, जिंतूरकर, ही गोष्ट तुझ्या-माझ्यात ठेव. कुठे लिहू नकोस. लिहिलंस की मला अ‍ॅक्शन घ्यावी लागते."

"मग?"

"ठीक आहे म्हणाला."

मी बरणी आणून त्यांच्यासमोर ठेवली आणि लेबल त्यांच्याकडे वळवलं.

"कुठे लिहू नकोस म्हणालात ना, काका? त्यांनी इथेसुद्धा नाही लिहिलं."

 राजनकाकांनी आवाज खाली आणला.

"मुग्धा, ऐक. ओळखता आली नाही म्हटलं, तर एक भला माणूस चुकला. ओळखली होती म्हटलंस, तर त्या पोराचं मरण जिंतूरकरच्या माथ्यावर जातं. आज लोक त्याच्याबद्दल चांगलं बोलतात. ते तुला नकोय का?"

हे खरं होतं. रात्रभर मीही तोच विचार केला होता.

"दुसऱ्या पट्ट्याचं काम निघालंय ना?" मी विचारलं.

"जुलैत."

"त्याच डांबोतून?"

"अलाइनमेंट पॅरलल आहे."

"आणि पाये?"

ते चष्मा पुसू लागले. "ड्रॉइंग अप्रूव्ह झालेलं आहे."

"मग काय, मनोरे उभे राहतील. इन्शाल्ला."

"टोमणे मारू नकोस. तुझ्यापेक्षा जास्त रडलोय मी त्याच्यासाठी."

तेही बहुधा खरं होतं.

मी कागद ओढला. छापील वाक्यांवर रेघ मारली आणि खाली लिहिलं, की माझ्या वडिलांनी माती ओळखली होती, अकरा सप्टेंबरला नमुना घेतला होता, तो आमच्याकडे आहे. त्यांनी वरिष्ठांना फोनवर सांगितलं होतं. लिहू नका असं त्यांना सांगण्यात आलं आणि त्यांनी ते ऐकलं. दुसरा पट्टा त्याच जमिनीवर उभा राहतो आहे. 'लिहू नका' सांगणाऱ्याचं नाव आणि हुद्दा लिहिला. सही केली.

"स्पेलिंग बरोबर आहे का बघा, काका."

त्यांनी वाचलं. "'त्यांनी ते ऐकलं' हे तरी काढ. त्याच्यासाठी."

"नाही."

"मी हा कागद नेणार नाही."

"नका नेऊ. इन्स्पेक्टरचा पत्ता वरच आहे. मीच पाठवते."

ते उठले. दारात चपला घालताना आईकडे वळले, "वहिनी, तुम्ही तरी हिला..."

"चहा गार झाला तुमचा," आई म्हणाली आणि तिने दार लावलं.

मग ती बाल्कनीत गेली आणि कचऱ्याची मोठी काळी पिशवी घेऊन बसली. एकेक बरणी उचलायची, लेबल वाचायचं, आत टाकायची. शहाणी. हट्टी. लबाड. पुन्हा लबाड. अठरा झाल्यावर टेबलावरची एकोणिसावी तिने हातात घेतली आणि कपड्यांच्या बॅगेत, बाबांच्या स्वेटरमध्ये गुंडाळली.

मी पेन पुढे केलं. "लिहायचं का, काय आहे ते?"

आईने स्वेटर पुन्हा उलगडला आणि कोऱ्या जागेकडे बघितलं.

"त्यांनी नाही ना लिहिलं," ती म्हणाली. "राहू दे तशीच. दिसू दे."