सड्यावरची हवेची खोली

माझं सगळं अंग तीन गोण्यांत मावतं. मित्रांनो, या गोण्या सोडून पायपंपाने अर्धा तास हवा भरली, की वीस माणसं बसतील एवढी खोली उभी राहते. मी हवेचा तंबू आहे. आता बराच जुना आणि ठिकठिकाणी शिवलेला.

माझी गोष्ट १९९९ साली सुरू झाली. रत्नागिरीच्या सुनेत्राताई घरांचे नकाशे काढायच्या. मालगुंडच्या वरच्या अंगाला एका गावाचा सडा आहे, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. उन्हाळ्यात त्यावर पाय ठेववत नाही, पण श्रावण-भाद्रपदात त्याच कातळावर निळी, पिवळी, इवलीशी फुलं पसरतात. ती बघायला माणसं येऊ लागली. त्यांना आडोसा हवा म्हणून गावाने सड्यावर सिमेंटची शेड बांधायचं मनावर घेतलं आणि नकाशासाठी ताईंना बोलावलं.

ताई दोन दिवस सडा पायी फिरल्या. फुलं जेमतेम दोन महिन्यांची, मग त्यांच्यापायी कातळ कायमचा फोडायचा कशाला, हे त्यांना पटेना.

"मला दोन-तीन पावसाळे द्या," त्या गावकऱ्यांना म्हणाल्या, "येईल आणि जाईल असा आडोसा करून बघते."

रेनकोटच्या कारखान्यात उरलेलं कापड त्यांनी आणलं. म्हणून मी अर्धा खाकी, अर्धा निळा आहे. माझ्या तीन कमानी ट्रकच्या जुन्या ट्यूब जोडून झाल्या; ते काम पंक्चरच्या दुकानात झालं. शिवणकाम गोदाबाईंनी केलं. त्या गावातच राहायच्या आणि ताडपत्र्या शिवायच्या. त्यांचे यजमान रावजी शेती करायचे, गुरं राखायचे.

पहिल्यांदा मला उभं केलं, तेव्हा जमिनीला बांधायला लोखंडी खुंट्या आणल्या होत्या. रावजींनी हातोडा पाहिला आणि ते पुढे आले.

"ताई, हितं ठोकू नका. कातळ तडकला तर डबक्यात पानी ऱ्हायचं न्हाय."

"काका, आठच खुंट्या आहेत, वीतभर लांबीच्या," ताई म्हणाल्या आणि त्यांनी ठोकायला सांगितलं.

पाचव्या खुंटीला कातळाला बारीक चीर गेली. चार दिवसांत शेजारचं डबकं रिकामं झालं. पावसाळा सरल्यावरही महिनाभर रावजींची गुरं त्या डबक्यावर पाणी प्यायची. त्या वर्षी त्यांना खाली वहाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत न्यावं लागलं. ताई रावजींच्या अंगणात गेल्या.

"चूक माझी आहे, काका. तुम्ही सांगत होतात, मी ऐकलं नाही."

"चूक हाय ती हायच," रावजी म्हणाले. "आता बुजवाया तरी या."

दोघांनी मिळून चिरेत चिकणमाती ठासली. पाणी थोडं थांबलं, पूर्वीइतकं नाही. ताईंनी माझ्या खुंट्या काढल्या त्या कायमच्या. पुढचं वर्ष मी गोण्यांतच होतो आणि ताई कागदावर रेघोट्या मारत होत्या.

वाट गोदाबाईंनी दाखवली. "पेंढ्यावर कापड घालतो, तवा आमी कडेला वजन ठेवतो. खुट्या कुठं मारतो?"

मग माझ्या पायाशी चहूबाजूंनी जाड कापडाचा पट्टा शिवला. छपरावर पडणारा पाऊस त्या पट्ट्यात उतरायचा आणि मला धरून ठेवायचा. जितका पाऊस, तितका मी जड. मुक्काम हलवताना ते पाणी डबक्यात सोडायचं. ताई या कामावर खूश होत्या, आणि खरं सांगतो, मीही होतो.

सप्टेंबर २००२मध्ये एका शाळेची सतरा मुलं फुलं बघायला आली. त्यांच्याबरोबर मालन नावाच्या बाई होत्या. गोदाबाई चहाची किटली घेऊन वर आल्या होत्या. दुपारी समुद्राकडून काळं भरून आलं आणि वारा असा सुटला, की मुलांना आत घेईपर्यंत माझी मधली कमान जोडापाशी फुटली. मी एका अंगाला कलंडलो. मुलं किंचाळली. ताई जिवाच्या आकांताने पंप मारू लागल्या. तीन वर्षांचं काम त्यांच्या डोळ्यांदेखत बसत होतं.

"बाय, सोड त्याला!" गोदाबाई ओरडल्या. "वारा भरला तर पोरांसकट ओढत नेईल. आडवा होऊ दे."

ताईंनी पंप सोडला. मग त्यांनी उरलेल्या दोन्ही कमानींची बुचं उपटली.

"सगळे खाली बसा! एक हात डोक्यावर, दुसऱ्याने कापड वर धरा!"

मी सावकाश खाली आलो. पट्ट्यात पाणी होतं, म्हणून जागचा हललो नाही. माझ्या अंगाखाली सतरा डोकी आणि चौतीस हात होते. मालनबाई एकेकाचं नाव घेत होत्या आणि अंधारातून "हजर" येत होतं. सतरावं "हजर" आलं, तेव्हा ताई रडत होत्या. अर्ध्या तासाने वारा पडला. कुणाला खरचटलंही नव्हतं.

तरी गावच्या सभेत लोक म्हणाले, "तंबू पडला. आता सिमेंटच बरं." ताई खाली मान घालून बसल्या होत्या. तेव्हा रावजी उठले. ज्यांचं डबकं आमच्यामुळे आटलं, तेच रावजी.

"पडला, खरं हाय. पन कुनाच्या डोक्यात पडला न्हाय. सिमेंटचा पत्रा पडला असता, तर आज हितं सभा भरली असती काय?"

बराच वेळ वाद झाला. शेवटी शेड सड्याखाली, डांबरी रस्त्याच्या कडेला बांधायची ठरली. सड्यावर पावसाळ्यापुरता मीच राहिलो. त्यानंतर आकाश बघूनच मला उभं करायचे, आणि वारा वाढला की आधीच हवा सोडायचे.

चांगली वर्षं गेली. मी हेदवीला जाऊन आलो, मंडणगडच्या डोंगरात राहून आलो. पुढे ताईंना दूरची कामं मिळाली आणि मला सांभाळायला दुसरी माणसं आली. एका वर्षी त्यांनी मला ओलंच गुंडाळलं आणि माळ्यावर टाकलं. बुरशी चढली, उंदरांनी एक कमान कुरतडली. दोन पावसाळे मी तसाच कुजत पडलो. वादळाने केलं नव्हतं, ते निष्काळजीपणाने केलं.

२००८च्या उन्हाळ्यात ताई आल्या. गोदाबाईंनी मला अंगणात पसरलं, ब्रशने घासलं, चार उन्हं दिली. त्यांची दृष्टी अधू झाल्यामुळे सुईत दोरा ताईंनी ओवून दिला. जिथे कापड गेलं होतं, तिथे लाल ठिगळं लागली. आता मी तिरंगी झालो आहे आणि वीसऐवजी बाराच माणसं घेतो.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. मला वाळवून मगच माझी घडी घाला. आणि डोंगरावर, सड्यावर, किनाऱ्यावर कुठेही राहिलात, तर निघताना एकदा मागे वळून बघा. तुम्ही तिथे राहिला होतात हे ओळखू आलं नाही, तर तुम्ही चांगले पाहुणे.